रेडिओवरची इंग्रजी आणि गप्पांची मंडळे

इंग्रजी वाचता येते, तिच्यात सरकारी अर्ज लिहिता येतो, वर्तमानपत्रातला अग्रलेख समजतो. पण समोरचा माणूस बोलू लागला की आपले पहिले वाक्य घशातच अडकते. ही अवस्था आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कुठल्याही जुन्या मराठी घराच्या माळ्यावर शोधले तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा एखादा पिवळा पडलेला भाग सापडण्याचा संभव आहे. त्या पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकवली आणि पक्की शिकवली. मराठी वाक्याचे इंग्रजी करायचे, इंग्रजीचे मराठी करायचे, अशी ती वाट होती. त्या वाटेने गेलेल्या माणसाचे व्याकरण सहसा चुकत नसे. मात्र ती इंग्रजी डोळ्यांची आणि हाताची होती. कान आणि जीभ यांना तिच्यात फारसे काम नव्हते.

कानाची उणीव भरून काढायला पुढे रेडिओ आला. रात्री नऊच्या इंग्रजी बातम्या लावून ‘उच्चार नीट ऐक’ असे बजावणारे वडीलधारे वाचकांपैकी अनेकांना आठवत असतील. उपाय वाईट नव्हता, पण अपुरा होता. बातम्या ऐकून शिष्टमंडळ, ठराव, अर्थसंकल्प या गोष्टींचे इंग्रजी कानी पडते. भाजी खारट झाली, चष्मा कुठे ठेवला, पाहुणे आले आहेत जरा सतरंजी घाल, यांचे इंग्रजी बातम्यांत कधीच येत नाही. शिवाय बातम्या वाचणाऱ्याला उत्तर द्यायचे नसते. तो ‘शुभ रात्री’ म्हणतो आणि जातो.

घरगुती बोलणे शिकवणारा रेडिओ कसा असतो आणि रेडिओला उत्तर द्यायची सोय कशी करता येते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एका देशाने जवळजवळ एकाच वेळी शोधली, तीही पोटाला पुरेसे अन्न नसलेल्या दिवसांत. तो देश जपान. ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगणे बरे.

जपानमध्ये मार्च १९२५ मध्ये रेडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी जुलैत रेडिओवरून इंग्रजीचे पाठही सुरू झाले. त्यांचे पहिले शिक्षक ओकाकुरा योशिसाबुरो. चहावरच्या पुस्तकामुळे जगाला माहीत झालेले आणि विवेकानंद व टागोर यांच्या सहवासात आलेले ओकाकुरा काकुझो, त्यांचे हे धाकटे भाऊ. पाठ चांगले चालले होते. मग डिसेंबर १९४१ मध्ये जपान अमेरिकेविरुद्ध युद्धात उतरला आणि ते बंद पडले. इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. बेसबॉल हा जपानी लोकांचा जीव की प्राण, पण त्या खेळातले इंग्रजी शब्दही काढून टाकण्यात आले. ‘स्ट्राइक’ ऐवजी पंच ‘योशी’ म्हणू लागले. योशी म्हणजे ‘ठीक’.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि चार वर्षे वर्ज्य असलेली भाषा एका दिवसात गरजेची झाली. रस्त्यारस्त्यांवर अमेरिकी सैनिक दिसू लागले. ऑक्टोबर उजाडतो न उजाडतो तोच टोकियोत बत्तीस पानांची एक संभाषण-पुस्तिका निघाली आणि थोड्याच काळात तिच्या सुमारे पस्तीस लाख प्रती खपल्या. कागद मिळत नव्हता, घरे जळून गेली होती, तरी एवढी मागणी. तिच्यातली वाक्ये प्रसंगाला उपयोगी होती, यात शंका नाही. पण पुस्तिकाच ती. तिच्यातून आवाज येत नव्हता.

आवाज आला तो १ फेब्रुवारी १९४६ रोजी, संध्याकाळी. रेडिओवर पंधरा मिनिटांचा इंग्रजी संभाषणाचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. शिकवणारे होते तादाइची हिराकावा. हा माणूस समजून घेतल्याशिवाय त्याची पद्धत समजत नाही. ओकायामा भागातल्या खेड्यात १९०२ साली त्यांचा जन्म झाला. वडील मजुरीसाठी अमेरिकेत गेलेले. त्यांना शोधायला हा मुलगा १९१८ साली, सोळाव्या वर्षी, तिकडे गेला. इंग्रजीचे अक्षर येत नव्हते. काही काळ रेल्वेमार्गावर मजुरी केली. नंतर शिकायचे ठरवले तेव्हा तो थेट प्राथमिक शाळेत, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाकावर, जाऊन बसला. सतरा वर्षांचा घोडा आणि भोवती चिमुरडी! आपल्याकडे असा प्रसंग आला तर घरच्यांनी लाजेने तोंड लपवले असते. हिराकावांना त्या बाकावर जे मिळाले ते व्याकरणाच्या पुस्तकात नव्हते. मुले एकमेकांशी काय बोलतात, शिक्षिका काय म्हणते, खेळताना कोणते शब्द येतात, ते ऐकायचे आणि तसेच म्हणायचे. पुढे त्यांनी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नाट्यशास्त्राचे शिक्षण घेतले, १९३०च्या दशकात मायदेशी परतले आणि जपानी नभोवाणीत इंग्रजी निवेदक झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये सम्राटाचे शरणागतीचे भाषण परदेशांसाठी इंग्रजीतून वाचले गेले, तेही त्यांच्याच आवाजात. पराभवाची वार्ता जगाला इंग्रजीत सांगणारा आवाज सहा महिन्यांनी घराघरांत इंग्रजी शिकवू लागला.

कार्यक्रमाची सुरुवात गाण्याने होई. शब्द इंग्रजी, ‘या, सगळे या’ अशा अर्थाचे. चाल मात्र नाकायामा शिम्पेई यांच्या एका जपानी बालगीताची. चांदण्या रात्री देवळाच्या आवारात तानुकी नावाचे रानप्राणी पोट बडवून ताल धरतात, असे ते मूळ गाणे. जपानमधले शेंबडे पोरही ते गुणगुणत असे. म्हणजे परकी भाषा घरात शिरली ती ओळखीच्या चालीवर. गाण्यातल्या ‘कम कम’ या शब्दांवरून लोक कार्यक्रमालाच ‘कामुकामु’ म्हणू लागले. जपानीत ‘कामु’ म्हणजे चावणे. ज्या वर्षी चावायला पुरेसे काही नव्हते त्या वर्षी हे नाव तोंडी बसले, हा योगायोगच म्हणायचा.

पाठात काय असे? लंडनचा राजवाडा किंवा न्यूयॉर्कच्या इमारती नव्हत्या. असे ते साध्या जपानी घरातले बोलणे. आई मुलाला हाक मारते, मूल कुरकुर करते, बाबा कामावरून येतात, शेजारीण काही मागायला येते. छोटा प्रसंग, थोडी वाक्ये, तीच पुन्हा पुन्हा. हिराकावांचे सांगणे असे की तान्हे मूल जसे आईच्या तोंडाकडे पाहून बोलायला शिकते, तसे श्रोत्यांनी काही काळ तान्हे व्हावे. अभ्यास म्हणून करू नका, खेळ म्हणून करा, असा त्यांचा आग्रह असे. मला त्यांची सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही की त्यांनी जेत्यांची भाषा जेत्यांच्या घरात जाऊन शिकवली नाही. त्यांनी ती आपल्या चटईवर आणून बसवली. सैनिकापुढे हात पसरण्यासाठी लागणारी इंग्रजी आणि आपल्या मुलाला ‘हात धुऊन ये’ म्हणण्याची इंग्रजी यांतली दुसरी शिकताना मान खाली घालावी लागत नाही.

आता कानाचे शास्त्र थोडे पाहू. जपानी भाषेत बहुतेक प्रत्येक व्यंजनाला स्वराची जोड लागते. म्हणून इंग्रजीतला एका झटक्यात उच्चारायचा ‘स्ट्राइक’ त्यांच्या तोंडी ‘सु-तो-रा-इ-कु’ असा पाच मात्रांचा होतो. पुस्तकातून शिकणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, कारण छापलेले अक्षर त्याच्या डोक्यात त्याच्याच भाषेच्या आवाजात वाजते. आपली अडचण वेगळी. जोडाक्षरे आपल्याला सोपी. आपण अडतो ते आघातावर. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा मान असतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर दिला की शेजारची अक्षरे पार दबून जातात. ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो. ‘फोटोग्राफर’ म्हटले की तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. पूर्ण वाक्यात तर ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ यातले निम्मे शब्द हवेत विरतात. आपल्याला इंग्रज माणूस ‘फार भरभर बोलतो’ असे वाटते. तो भरभर बोलत नसतो. आपण छापील शब्दांची वाट पाहत असतो आणि ते तसे येतच नाहीत.

हे परके वाटत असेल तर घरचे उदाहरण घ्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च सारखा नाही. एकात जीभ टाळूला लागते, दुसऱ्यात दातांच्या मुळाशी. ‘जीवन’ आणि ‘जाळ’ यांतल्या ज चेही तसेच. देवनागरीत हा फरक लिहिलेला नसतो, तरी आपण चुकत नाही, कारण आपण तो आजीच्या तोंडून घेतला आहे. आणि जे मराठी मूल हिंदी शाळेत, हिंदी शेजारात वाढते आणि मराठी मुख्यतः वाचून शिकते, ते ‘चाक’ म्हणताना हिंदीतला च वापरते. कोणीही त्याला चूक शिकवलेली नसते. त्याने फक्त पुरेसे ऐकलेले नसते.

रेडिओ हे ऐकणे पुरवतो, रोज, ठरल्या वेळी, फुकट. पंधरा मिनिटांची मर्यादाही सोयीची. त्याहून जास्त वेळ परक्या आवाजाकडे कान लावून ठेवणे थकवणारे असते, आणि पंधरा मिनिटे चूल पेटलेली असतानाही काढता येतात. पण एक गोष्ट रेडिओ करू शकत नाही. तुम्ही चुकलात तर तो थांबत नाही, तुम्ही प्रश्न विचारलात तर त्याला ऐकू येत नाही. कानाने घेतलेले वाक्य जिभेवर आणण्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि तो माणूस तुमच्या उत्तराची वाट पाहत असावा लागतो.

जपानी श्रोत्यांनी हे स्वतःच ओळखले. गावोगावी ‘कामुकामु क्लब’ निघाले. शाळकरी मुले, गृहिणी, कारकून, दुकानदार जमत, त्या आठवड्याचा प्रसंग पाठ म्हणत, एक आई होई, एक मूल, गाणे तर असेच. नवीन विषय शोधावा लागत नसे, कारण सगळ्यांनी तेच पंधरा मिनिटांचे पाठ ऐकलेले असत. या सामायिक शिदोरीला फार महत्त्व आहे. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. जपानीतही आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून कडक, मानाची रीत आहे. वडीलधाऱ्याशी, वरिष्ठाशी, परक्याशी बोलताना क्रियापदापासून सगळे बदलते. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. शाळेतली मुलगी आणि पोक्त कारकून एकमेकांना ‘यू’ म्हणू लागले की तेवढ्यापुरती वयाची आणि पायरीची भिंत उतरते, आणि चुकायची भीती निम्मी कमी होते.

हा कार्यक्रम सार्वजनिक नभोवाणीवर १९५१ पर्यंत चालला, पुढे खासगी रेडिओवरून १९५५ पर्यंत. त्यानंतरही जपानी नभोवाणीने रेडिओवरचे भाषापाठ सोडले नाहीत. दर महिन्याला स्वस्त छापील पुस्तिका आणि रोजचा छोटा पाठ, ही जोडी तिथे आजही चालू आहे. २०२१-२२ मध्ये त्याच नभोवाणीच्या दूरचित्रवाणीवर या कार्यक्रमाच्या आठवणीवर आधारलेली एक दैनंदिन मालिका झाली. तिच्यात आजी, आई आणि मुलगी अशा तीन पिढ्या रेडिओवरच्या इंग्रजीशी बांधलेल्या दाखवल्या आहेत.

ही दोन चाके एकमेकांवाचून कशी चालतात, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या नभोवाणीने ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचे प्रक्षेपण सुरू केले. सुमारे दीड हजार शब्द, लहान वाक्ये, नेहमीपेक्षा सुमारे एक-तृतीयांश मंद गती. लघुलहरींवर ते जगभर ऐकले गेले. ऐकणाऱ्याला समजू लागते, हा त्याचा मोठा गुण. पण खोलीत एकट्याने ऐकणाऱ्याला केवळ त्याने बोलता येऊ लागते असे नाही. उलट, शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये १९७८च्या सुमारास लोक सुटीच्या दिवशी इंग्रजी बोलण्यासाठी जमू लागले. ‘इंग्रजीचा कोपरा’ असेच त्याला नाव पडले आणि चीनमध्ये इतरत्रही तसे कोपरे झाले. इथे बोलायला माणसे मुबलक. पण सगळी अनोळखी आणि समान विषय नाही. त्यामुळे नाव, गाव, नोकरी, इंग्रजी कधीपासून शिकता, हे चार प्रश्न झाले की गाडी अडते आणि पुढच्या अनोळख्याशी पुन्हा तेच चार प्रश्न. (त्याच बागेत आता आईबाप मुलामुलींची वयउंची लिहिलेले कागद लावून स्थळे शोधतात. तिथे मात्र विषयाची वाण पडत नसावी.)

आता आपल्या मंडळांकडे येऊ. इंग्रजी सुधारावी म्हणून आपण सहसा वक्तृत्व स्पर्धा ठेवतो. मूल कोणाकडून तरी लिहून घेतलेले भाषण पाठ करते, हातवाऱ्यांसह म्हणते, टाळ्या घेते. दुसऱ्या दिवशी कोणी त्याला इंग्रजीत ‘काल बरे बोललास’ म्हटले तर ते आईकडे पाहते. भाषण ही एक कला आहे आणि ती असावी. संभाषण ही दुसरी. संभाषणात पुढचे वाक्य आधी माहीत नसते, तिथेच तर सगळी गंमत आणि सगळी भीती.

ज्या मंडळाकडे एक खोली आणि दहा खुर्च्या आहेत, त्याला जपानी नमुन्यावर काम करता येईल. आठवड्याला एकच छोटा ध्वनिपाठ सगळ्यांनी घरी रोज ऐकावा. तो रेडिओवरचा असो की भ्रमणध्वनीवरचा, आज ते साधन प्रत्येक खिशात आहे. पाठ निवडताना घरगुती बोलण्याचा निवडावा. आठवड्यातून एकदा सहा ते आठ जणांनी जमावे. दहाच्या वर संख्या गेली की दोघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. बोलणाऱ्याला मध्ये अडवून दुरुस्त करू नये. ज्याला चांगली येते त्याने चुका टिपून ठेवाव्यात आणि शेवटी, नाव न घेता, त्यातल्या दोन-तीन सांगाव्यात. सगळ्या सांगितल्या तर पुढच्या आठवड्याला खुर्च्या रिकाम्या दिसतील. सगळ्यांची मातृभाषा एकच असल्यामुळे सगळे एकच चूक करतील आणि ती कोणालाच खटकणार नाही, हा धोका खरा आहे. त्यावर इलाज तोच ध्वनिपाठ: शंका आली की तो पुन्हा लावायचा आणि वाद आवाजाकडून मिटवायचा.

विषय जवळचे असावेत. डॉक्टरांना दुखणे सांगणे: कळ येते, ठणकते, चमक निघते, जळजळते, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि परदेशी मुलाकडे गेलेल्या आईला त्या तिथल्या दवाखान्यात सांगाव्या लागतात. बँकेत खिडकीपाशी उभे राहून खाते का गोठवले हे विचारणे. नातवाच्या वर्गमित्राला ‘थालीपीठ घे, गरम आहे’ म्हणणे. ज्या बाईने तीस वर्षे घरातली इंग्रजी वर्तमानपत्रे रचून ठेवली आणि मधूनमधून वाचलीही, तिला अशा खोलीत बोलायची पाळी मिळावी. ती मिळावी म्हणून पहिल्या दिवशी तिचे यजमान दुसऱ्या गटात बसवावेत. हा माझा आगाऊपणा वाटला तरी करून पाहावा.

आणि नातवंडांना बाहेर ठेवू नये. त्यांची इंग्रजी ऐटीत चालते; अडखळते ती मराठी. बैठकीचा पहिला अर्धा तास इंग्रजीचा ठेवला तर त्यांनी आजी-आजोबांना ‘फटॉग्रफर’ शिकवावे. दुसरा अर्धा तास मराठीचा. त्यात तान्हे व्हायची पाळी त्यांची. पहिल्या आठवड्याला चाक, चूल, चमचा, चांदणे एवढे शब्द पुरेत, आणि त्यांतून एखादे साधे वाक्य. आजीने म्हणायचे, मुलाने तिच्या तोंडाकडे पाहून म्हणायचे. पाटी-पेन्सिल त्या अर्ध्या तासात कपाटात राहिली तरी चालेल.